डबा तसाच परत येतोय

पत्र थोडक्यात असे: वाचक फोंड्याला राहतात, पणजीत नोकरी करतात. मुलगा दोन वर्षे चार महिन्यांचा. जूनपासून ऑफिसजवळच्या पाळणाघरात जातो, सकाळी पावणेनऊ ते संध्याकाळी सहा. डब्यात दोन चपात्या, भाजी आणि एखादा लाडू असतो. डबा जवळजवळ तसाच परत येतो. घरी वरण-भात, ऑम्लेट आणि तळलेले नुस्ते (मासे) खातो, पण समोर मोबाइल हवा. पाळणाघरात फक्त शिवराक (शाकाहारी) चालते. दिवसाला चार बाटल्या दूध होते, त्यातल्या दोन येता-जाता गाडीत. वजन ११ किलो ६०० ग्रॅम, पहिल्या वाढदिवसाला ९ किलो होते. सासूबाई म्हणतात, पोर वाळले, माझ्याकडे ठेव. पाळणाघरातल्या मावशी विचारतात, मोबाइल लावून भरवू का? वाचकांचा प्रश्न: मावशींना हो म्हणू, दुपारी स्वतः जाऊन भरवू, की पाळणाघरच सोडू?

ताई, आधी वजनाचे बघू, कारण घरातली निम्मी भीती तिथून आलेली दिसते. माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीचा तक्ता असतो. त्यावर दोन ठिपके टाका: पहिल्या वाढदिवसाचा आणि आताचा. दोन्ही मधल्या रेषेच्या थोडे खाली, पण एकाच पट्ट्यात पडतील. म्हणजे मूल स्वतःच्या चालीने नीट वाढते आहे. सासूबाईंना तो वाळलेला दिसतो, त्यात त्यांच्या नजरेची चूक नाही. पहिल्या वर्षात बाळाचे वजन जन्माच्या वेळेच्या तिप्पट होते, पुढे वर्षाला जेमतेम दोन-अडीच किलो वाढते. त्यात मूल पळायला लागले की बाळसे झडते. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. त्यामुळे वर्षाचे असताना वाटीभर खाणारे मूल दोन वर्षांचे झाले की चार घासांवर उठते. ही आजाराची खूण नव्हे.

आता दूध. तुमच्या पत्रात सगळ्यात कमी जागा दुधाला आहे आणि माझ्या मते सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. बाटली २०० मिलीची धरली तर दिवसाचे ८०० मिली झाले. टोन्ड दुधाचे पावणेपाचशे किलोकॅलरी, बाटलीमागे चमचाभर साखर असेल तर साडेपाचशेच्या घरात. या वयाच्या मुलाची दिवसाची गरज साधारण हजार-अकराशे. म्हणजे निम्मे जेवण बाटलीतूनच उरकले. एक बाटली वाटेत बाणस्तारीच्या आसपास कुठेतरी संपते, दुसरी पाळणाघरात पोचल्यावर दहाला, आणि मग साडेबाराला त्याच्यापुढे चपाती-भाजी येते. त्याला भूक का नाही, हे कोडे उरतच नाही.

दुधात लोह जवळजवळ नसते, आणि त्यातले कॅल्शियम इतर अन्नातल्या लोहाच्या शोषणात अडथळा आणते. या वयात दिवसाला सुमारे ८ मिलिग्रॅम लोह लागते. दुधावर वाढणारी मुले गुटगुटीत दिसूनही फिकट असतात ती यामुळेच. बद्धकोष्ठही त्यातूनच होते, आणि शौचाला त्रास होणारे मूल जेवायला बसत नाही. दिवसाचे ४०० मिली दूध पुरे. तेवढ्यातूनच ४८० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम मिळते आणि गरज ५०० ची आहे. उरलेले दही-नाचणीतून सहज निघते.

कमी कसे करायचे? एकदम चारही बाटल्या काढू नका, घर डोक्यावर घेईल. आधी गाडीतल्या दोन. सकाळी सातला घरी नाश्ता आणि कपात शंभर-दीडशे मिली दूध, गाडीत फक्त पाणी. संध्याकाळी परतताना बाटलीऐवजी केळे. (बिस्किटांचा पुडा गाडीच्या खणातून काढून टाका. पुडा दिसला की मागणार, आणि तासभराच्या प्रवासात रडणाऱ्या मुलाला कुणीही तो देणारच.) दहाच्या बाटलीच्या जागी पाळणाघरात खाऊ. रात्रीची बाटली शेवटी काढा, कारण ती भुकेपेक्षा झोपेची असते. आधी साखर बंद करा, मग दर तीन दिवसांनी ३०-४० मिली कमी करा आणि उरलेले दूध कपात, दात घासण्यापूर्वी द्या. तोंडात बाटली ठेवून झोपणाऱ्या मुलांचे वरचे पुढचे दात आधी किडतात. सकाळी चहात बुडवलेला पाव देत असाल तर चहा काढा, पाव राहू द्या. चहातले टॅनिन लोह बांधून ठेवते.

आता डबा. दोन चपात्या आणि वाटीभर भाजी हा तुमचा डबा झाला, त्याचा नव्हे. वयाच्या दर वर्षामागे प्रत्येक पदार्थाचा एक मोठा चमचा, असा ढोबळ हिशेब धरतात. म्हणजे त्याला दोन चमचे भाजी, दोन चमचे घट्ट वरण, अर्धी छोटी चपाती किंवा तीन-चार चमचे भात. मागितले तर आणखी. तुमच्या डब्यातून त्याने एवढे खाल्ले तरी झाकण उघडल्यावर तो भरलेलाच दिसणार! त्यात गरम चपाती तशीच डब्यात बंद केली की वाफेने आधी भिजते आणि दुपारपर्यंत चिवट होते. दाढा पुरत्या न आलेल्या मुलाला ती चावताच येत नाही, तोंडात गोळा फिरवून तो थुंकतो, आणि आपण म्हणतो नखरे करतो. जाळीवर तीन-चार मिनिटे निवू द्या, तूप लावा, बोटाएवढ्या पट्ट्या कापा. लाडू डब्यातून काढा. तो दिसत असताना भाजीला कोण हात लावेल?

एक गोष्ट मात्र जरा अवघड वाटली तरी स्पष्ट लिहितो. संध्याकाळी सहाला दारात तुमचा पहिला प्रश्न "डबा संपवला का?" हाच असतो, असे तुमच्या पत्रावरून वाटते. तो रोज ऐकणाऱ्या बाईपुढे तीन वाटा असतात. मुलाचे गाल दाबून घास कोंबायचा, मोबाइल लावायचा, नाहीतर सहाच्या आत डबा कचऱ्यात रिता करायचा. तुमच्या मावशी प्रामाणिक, त्यांनी निदान विचारले. कोंबलेल्या घासाने उबळ येते, उबळ आली की तो पदार्थ आणि ती जागा दोन्ही मुलाच्या मनातून उतरतात, आणि दुसऱ्या दिवशी डबा दिसताच तोंड बंद. मग आणखी कोंबणे. हे चक्र तुमच्याकडूनच सुटू शकते. मावशींना सांगा, डबा भरलेला आला तर मी काही म्हणणार नाही. विचारायचे ते एवढेच: आज कशाला हात लावला, काय चाखले, कुणाशेजारी बसला?

मोबाइलला नाही म्हणा. तुमच्या मुलाच्या दिवसात मोबाइलशिवाय जेवायला सांगणारी जागा एकच आहे आणि ती म्हणजे पाळणाघर. म्हणून तिथे तो खात नाही, हे त्याच्या बाजूने बरोबरच आहे. त्याला ही गोष्ट कुणी शिकवलीच नाही. पडद्यापुढे मूल गिळते, पण काय गिळले ते त्याने पाहिलेले नसते आणि पोट भरल्याची जाणीवही उशिरा होते. पाळणाघरात नियम तोच ठेवा आणि घर बदला. सुरुवात रविवारच्या दुपारच्या जेवणाने करा, पुढच्या आठवड्यात रात्रीचे घ्या. सगळे एकत्र बसा, मोठ्यांचेही फोन दुसऱ्या खोलीत. ताटात त्याला हमखास आवडणारी एक गोष्ट असू द्या, साधा भात चालेल. वीस-पंचवीस मिनिटे झाली की ताट उचला, न रागावता आणि न विनवता. चार-पाच दिवस रडारड होईल, त्या दिवसांत तो कमी खाईल. कमी खाल्ले म्हणून अर्ध्या तासाने दूध दिलेत तर सगळी मेहनत पाण्यात. पुढचे खाणे अडीच-तीन तासांनी, मध्ये फक्त पाणी.

काय द्यायचे, कधी आणि कुठे, हे मोठ्यांनी ठरवावे. खायचे की नाही आणि किती, हे मुलाने. ही वाटणी बालआहाराच्या क्षेत्रात बरीच जुनी आणि रुळलेली आहे. आपल्याकडे नेमके उलटे होते. काय खायचे ते मूल ठरवते, आणि किती ते आजी.

दुपारी स्वतः जाऊन भरवण्याबद्दल. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना २०१७ च्या कायदादुरुस्तीनंतर पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता येते. तुम्हाला ही सवलत लागू असेल तर जरूर घ्या, पण जेवणाची वेळ टाळून. अजून अंगावर पाजत असाल तर गोष्ट वेगळी. एरवी आई आली की मूल जेवण सोडून गळ्यात पडते, ती गेली की दुसऱ्यांदा रडते, आणि त्याची झोपेची वेळ टळते. झोपेवरून आठवले: सकाळी साडेसहाला उठणाऱ्या मुलाचे डोळे साडेबाराला मिटायला लागतात. झोप आलेले मूल जेवत नाही. त्याचे जेवण पावणेबाराला करता येईल का, हे मावशींना विचारून बघा. पुष्कळदा एवढ्या एका बदलाने फरक पडतो.

घरचा डबा द्यायचा की पाळणाघरातले जेवण घ्यायचे? तिथे बाकीच्या मुलांना एकच जेवण मिळत असेल तर माझा कौल त्या जेवणाला. शेजारचे पोर जे मिटक्या मारत खाते, तेच आपल्याही ताटात असणे ही या वयातली सगळ्यात मोठी लालूच आहे. वेगळा डबा उघडला की मूल एकटे पडते. फक्त आधी आठवड्याचे खाणे लिहून मागा. दुपारचे जेवण सगळीकडे ठीकच असते, घोळ चारच्या खाऊत असतो. तिथे बिस्किटे, इन्स्टंट नूडल्स किंवा पॅकेटमधला रस येत असेल तर पालकांनी मिळून बोला. दोन वर्षांखालील मुलांना फळांचा रस देऊच नये आणि पुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला १२५ मिलीपेक्षा जास्त नको, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे म्हणणे आहे. चारच्या खाऊला उकडलेले रताळे, फोडी केलेले पिकलेले केळे, पोईचा (कोंड्याच्या गोवेकरी पावाचा) तुकडा आणि मुगाचे घट्ट तोणाक (उसळ), किंवा नाचणीच्या वड्या चालतील.

वड्या अशा करा: दोन मोठे चमचे नाचणीचे पीठ पाव कप गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, अर्धा कप उकळत्या पाण्यात ओता, मंद आचेवर सहा-सात मिनिटे घोटा, पाऊण छोटा चमचा माडाचा गूळ घाला आणि तूप लावलेल्या ताटलीत ओतून निवू द्या. तिजानचीच, म्हणजे नाचणीच्या गोड पेजेचीच, ही कोरडी बहीण. पीठ कच्चे राहिले की चव तुरट लागते आणि मूल पुन्हा तोंड लावत नाही, तेव्हा घोटण्यात घाई नको. नारळाचा रस घरी खायच्या तिजानात घाला, डब्यातल्या वड्यांत नको.

तेच ओल्या खोबऱ्याचेही. पाळणाघरात फ्रिज नसेल तर खोबरे घातलेली भाजी किंवा तोणाक डब्यात देऊ नका. शिजवलेले अन्न दोन तासांवर बाहेर राहू नये असा नियम आहे, आणि आपल्या दमट हवेत, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, तेवढाही वेळ धरवत नाही. थर्मॉसचा डबा वापरत असाल तर आधी त्यात उकळते पाणी दहा मिनिटे ठेवा, ओतून द्या आणि मग कढत खिचडी किंवा पेज भरा. थंड डब्यात कोमट खिचडी भरली की दुपारपर्यंत ती आंबते. आंबूस वास मोठ्यांना लागायच्या आधी मुलांना लागतो.

नुस्त्याबद्दल. पाळणाघरात नुस्ते नाही म्हणून मूल कमी पडेल, ही भीती सोडा. बारा मुलांच्या ताटातले काटे कोण काढणार? तिथे शिवराकच बरे. रात्री घरी नुस्ते, काटा बोटांनी चाचपून, तळलेल्याबरोबर हुमणातलेही (नारळाच्या रश्शातलेही) थोडे. दुपारी मूग, मसूर, अळसांदे (चवळी), दही. डाळीतले लोह मासळीतल्यापेक्षा कमी शोषले जाते, त्यावर उपाय सोपा: वरणावर लिंबू पिळा किंवा जेवणाबरोबर पिकलेल्या पेरूचा मऊ गर, बिया काढून.

आणि श्रावण तोंडावर आला आहे. ट्रॉलर्सची मासेमारी बंदी ३१ जुलैला संपते तेवढ्यात पुष्कळ घरी श्रावण लागतो. तुमच्याकडे पाळत असाल तर याहून चांगला मुहूर्त नाही. महिनाभर अख्खे घर शिवराक खाणार, म्हणजे पाळणाघरात जे मिळते तेच बाबा आणि आजीसुद्धा खाताना दिसतील. मात्र रोज नवी भाजी करायचा मोह आवरा. दोन-अडीच वर्षांची मुले नव्या चवीला बिचकतात, आणि एखादी भाजी ओळखीची वाटायला तिला दहा-पंधरा वेळा सामोरे जावे लागते. सोमवारी भेंडी, मंगळवारी दोडका, बुधवारी अळू असे चालले तर प्रत्येक भाजी महिन्यातून दोनदाच भेटणार. महिनाभरासाठी एक भाजी निवडा, समजा तांबडी भाजी (लाल माठ). देठ चिवट असतात, ते काढून पाने बारीक चिरा. आठवड्यातून तीन-चार वेळा ताटाच्या कडेला चमचाभर. ताटात राहू दिली, बोट लावले, हुंगली, चाटली, चावून थुंकली, हे सगळे पुढे जाणेच आहे. थुंकायला जवळ रिकामी वाटी ठेवा आणि थुंकल्यावर चेहरा करू नका. वरणात किंवा पोळ्यात (घावनात) मिसळून द्यायलाही हरकत नाही, तेवढे लोह पोटात जाईल. पण लपवलेल्या भाजीची ओळख होत नाही, म्हणून शेजारी दिसणारा चमचाही हवाच.

जे आवडते तिथून एक-एक पाऊल सरका. वरण-भातातून मुगाची खिचडी, पांढऱ्या पावातून पोई, बटाट्यातून रताळे आणि तिथून कणगां हा कंद. एका वेळी एकच गोष्ट बदला, रंग किंवा पोत. दोन्ही एकदम बदलले तर त्याच्या लेखी तो नवाच पदार्थ.

मावशींकडून काय अपेक्षा ठेवावी? चार-पाच मुले बुटक्या टेबलाशी, पाय जमिनीला किंवा पाटाला टेकलेले, कारण पाय लोंबकळले की मूल चुळबुळत राहते. चांगले खाणारे एखादे मूल शेजारी. मावशीने स्वतः त्यांच्यात बसून दोन घास त्याच ताटातले खावेत. वाढताना "दुधी घालू की गाजर?" असे विचारावे, "भाजी हवी का?" याला उत्तर ठरलेले आहे. बागुलबुवा नको, "संपवलेस तर चॉकलेट" नको, आणि संपवणाऱ्याचे कौतुकही बेताचे. शेंगदाणे, चणे, लाह्या, कच्चे गाजर, अख्खी द्राक्षे, फणसाच्या आठळ्यांचे तुकडे हे पाच वर्षांखालच्या मुलांना नको. गाजर मऊ शिजवून, द्राक्षे उभी चार तुकडे करून. आडवे पडून, पळताना किंवा रडताना घास द्यायचा नाही. घास अडकला तर काय करायचे हे तिथे कुणाला येते, हेही विचारून ठेवा. कुठल्याही पाककृतीपेक्षा ते महत्त्वाचे.

भूक लागायचे औषध दुकानातून आणू नका. जंताचे औषध राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या निमित्ताने वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, अंगणवाडीत मिळते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली लोहाचे सरकारी सिरपही दिले जाते. त्याबद्दल आरोग्य केंद्रात विचारा. पुढीलपैकी काही दिसले तर मात्र बालरोगतज्ज्ञांकडे जा: तीन महिने वजन न वाढणे किंवा तक्त्यावर रेष ओलांडून खाली येणे, घनपदार्थ खाताना दरवेळी ठसका किंवा उलटी, चालणारे पदार्थ महिन्यागणिक कमी होत जाणे, माती किंवा भिंतीचा पोपडा खाणे, ओठ-नखे फिकट दिसणे. या मुलांच्या बाबतीत वरचे उपाय पुरत नाहीत.

राहिला सासूबाईंचा प्रश्न. त्यांच्याकडे ठेवणे वाईट नाही. पण कारण जेवण असेल तर थोडे थांबा, कारण बाटल्या आणि मोबाइल त्याच्याबरोबर त्यांच्याकडेही जातील. त्यांना तक्त्यावरचे ठिपके दाखवा, आणि संध्याकाळच्या जेवणाला त्याच्यासमोर बसून तेच खाण्याचे काम त्यांच्याकडे द्या, भरवण्याचे नको. दूध कमी केल्यापासून सहा आठवडे ही घडी बसू द्या. मध्ये चतुर्थी येईल. पाच दिवस पाहुणे, नेवऱ्या (करंज्या), मोदक, रात्रीची आरती, जेवणाच्या वेळा कोसळणारच, आणि त्यानंतरचा आठवडाभर पाळणाघरातला डबा पुन्हा भरलेला येईल. तो आठवडा हिशेबात धरू नका. सहा आठवडे त्यानंतर पूर्ण करा, पुन्हा वजन करा, आणि पाळणाघर ठेवायचे की सोडायचे ते तेव्हा ठरवा.